मनगटावरचा डाग

माझ्या लेकाचं लिव्हर दारूनं नासवलं, हे खरंच आहे. पण त्याला मरणाच्या दारात नेऊन बसवलं ते आमच्या माणसांच्या मायेनं. त्या मायेचा मला अजून संताप येतो.

मी नांदेडला लेकीकडं गेले होते. परत उदगीरला येऊन बघते तर लेकाचे डोळे हळद माखल्यासारखे, पोट टम्म. तडक लातूर गाठलं. सोबत सून आणि माझी थोरली नणंद, अक्का.

डॉक्टर तरणाच होता, पण समजावून सांगणारा. "दारूनं लिव्हरला जबर सूज आलीय. स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू कराव्या लागतील. पण या गोळ्या अंगाची लढायची ताकदही दाबतात. आत कुठं जंतू असले तर माजतील. ताप, खोकला, एखादी जखम?"

"कायच न्हाई, साहेब," अक्का म्हणाली. लेक फरशीकडं बघत बसला.

मी त्याच्या शर्टाकडं बघत होते. बाहेर ऊन रणरणतंय आणि याची बाही मनगटापर्यंत, वर बटणसुद्धा लावलेलं. बाहीखाली काय लपवलंय ते मी ओळखलं.

कारण तसला एक डाग माझ्याही मनगटावर आहे. लग्नाआधी मला कावीळ झाली, तेव्हा माहेरी एकानं तापलेल्या सळईनं चटका दिला होता. कावीळ आली तशी आपल्या पायानं निघून गेली. पण मी काय मिरवले! बांगड्या मागं सारून गल्लीभर दाखवत फिरले. बघायला आलेल्या पाहुण्यांपुढं पोहे ठेवतानाही हात मुद्दाम उलटा धरला. सोन्याचं कडं घातलं असतं तरी एवढी ऐट केली नसती. असली दीडशहाणी पोरगी पसंत केली म्हणजे आमचे हे किती शहाणे असतील बघा.

उठले आणि लेकाची बाही वर सारली. मनगटाच्या वर दोन चटके. लाल, फुगलेले, पू धरलेले.

"अक्का, हे काय?"

"कावीळ उतरावी म्हणून नेलं होतं गं. चांगल्यासाठीच..."

"आन् साहेबांनी विचारलं तवा दातखीळ बसली व्हय तुमची?" मग लेकाकडं वळले. "आन् तू रे? बाटली तोंडाला लावताना बापाला भ्याला न्हाईस, मला न्हाईस. डॉक्टरच्या ओरडण्याला भेतोस?"

डॉक्टर ओरडला नाही. गोळ्या मात्र थांबवल्या. आधी जखम धुणं, रक्ताच्या तपासण्या, जंतू मारायची सलाईन. तिकडं पोट फुगतच होतं. ते दिवस मी कसे काढले, माझं मला ठाऊक. सून भिंतीला टेकून बसायची आणि मी अक्काकडं बघायचेसुद्धा नाही.

जखम सुकायला लागल्यावर गोळ्या सुरू झाल्या. आठवड्यानं रक्त तपासलं. कावीळ उतरायला लागली होती. नसती उतरली तर गोळ्या बंद करणार होते, आणि पुढं द्यायला त्यांच्या हातात फारसं काही उरलं नव्हतं.

मी देवाला हात जोडतेय, तोवर अक्काचा आवाज आला. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटच्या बायकोला सांगत होती, "आमच्याकडं या. डाग देणारा लई गुणाचा माणूस हाय. आमचा पोरगाच बघा की!"

माझं डोकं फिरलं. लेकाचा हात उचलून त्या बाईपुढं धरला. "बघ बाई, हा गुण. यापायी औषध लांबलं, लेक जाता जाता राहिला." मग माझं मनगट पुढं केलं. "आन् हा डाग माझ्या अकलेचा. अक्का, तुमची अर्धशिशी अजून हायच न्हाई का? कपाळ पुढं करा. खालच्या चहावाल्याकडून चमचा तापवून आणते."

"हिच्या जिभेला हाड न्हाई," म्हणत अक्का व्हरांड्यात सटकली. लेक खुदकन हसला.

"दात काढू नको," मी म्हटलं. "गोळीनं तिचं काम केलं. आता बाटलीला शिवलास तर तो चमचा आधी तुला."

शेजारची बाई खाटेकडं वळली. तिनं नवऱ्याच्या पोटावरचं पांघरूण हळूच बाजूला केलं. तिथंही तसलाच ताजा चटका होता. तिनं सिस्टरला हाक मारली.