सात हजार वेढे आणि वर कोसरू

बेंगळुरातल्या चामराजपेटेत नागोजीरावांच्या दुकानात शिरायचं तर आधी जमिनीवरचे तीन पंखे ओलांडावे लागतात. चौथा डोक्यावर फिरत असतो, तो दुकानाचा. बाकीचे सगळे पेशंट. जळालेले पंखे, मिक्सर, पाण्याचे पंप यांच्या मोटारी उघडायच्या आणि आत तांब्याची नवी तार गुंडाळायची, हा त्यांचा छत्तीस वर्षांचा धंदा. वय एकसष्ट, चष्मा कपाळावर, आणि तोंडात एक ठरलेलं वाक्य: "माझ्या हातून गेलेला माल परत येत नाही."

हे वाक्य ते गिऱ्हाइकाला ऐकवतात, शेजारच्या टेलरला ऐकवतात आणि दुकानात कोणी नसलं तर पंख्याला ऐकवतात. तसं त्यांच्या घराण्यात परत जायची पद्धतच नाही. पूर्वज तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी मराठ्यांच्या फौजेबरोबर इकडे आले, 'परतीचं बघू' म्हणाले, आणि अजून बघतायत.

माल परत न येण्याचं रहस्य म्हणजे कोसरू. इथल्या बाजारात गवार तोलून झाली की भाजीवाली वर एक मूठ फुकट टाकते, तो कोसरू. नागोजीराव तो तारेचा देतात. पंख्याला चारशे वेढे लागत असले तर हे चारशे दहा घालणार. पंखा स्वल्प सावकाश फिरतो, पण तापत नाही. आमच्या घरातला पंखा नऊ वर्षं त्यांच्या कोसरूवर चाललाय. वारा कमी लागतो, पण तक्रार करायला जागा नाही.

अशा दुकानात एका सोमवारी प्रणिता आली. मूळची पुण्याची, सव्वीस वर्षांची, सर्जापूर रोडला कंपनीत. पाठीवर इलेक्ट्रिक गिटार. लाउडस्पीकर भाड्याने देणाऱ्या एकाने तिला सांगितलं होतं की बारीक तार गुंडाळणारा हात बेंगळुरात एकच आहे.

"या अक्का, बसा," नागोजीराव म्हणाले.

आपल्याहून पस्तीस वर्षांनी मोठा माणूस आपल्याला अक्का म्हणतो, हे पचवून प्रणिताने गिटार काढली. तारांखाली पट्टीसारखा एक तुकडा होता. त्यात सहा लोहचुंबक आणि त्यांच्याभोवती केसापेक्षा बारीक तारेची गुंडाळी. "याला पिकअप म्हणतात, काका. तारेची थरथर हा पकडतो आणि स्पीकरला देतो. माझा फार मंद वाजतो, रजई पांघरून बोलल्यासारखा. मला उजळ आवाज हवाय. सात हजार वेढे घाला. शनिवारी कंपनीत कार्यक्रम आहे."

नागोजीरावांनी मोठ्याने हसून घेतलं. "छत्तीस वर्षं लोक आवाज बंद करायला येतात माझ्याकडे. आवाज वाढवायला तुम्ही पहिल्या. सरी, करून देतो. उद्या या."

पंख्यांच्या दुकानात शिलाई मशीनची एक मोटर आणि वेढे मोजणारी आकड्यांची जुनी डबी होती. तिच्यावर त्यांनी दिवसभर श्वास धरून काम केलं. मंगळवारी प्रणिता गिटार घेऊन गेली. बुधवारी संध्याकाळी ती परत आली.

"काका, आवाज मोठा झालाय. पण उजळ नाही."

छत्तीस वर्षांत पहिल्यांदा माल परत आला होता, तोही टेलरच्या देखत.

त्या रात्री नागोजीरावांना जेवण गेलं नाही. कृष्णाबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, विचारलं, तर म्हणाले, "हात आखडला असणार माझा. कुठंतरी कमी पडलो." आणि गुरुवारी त्यांनी कमी पडायचं काही शिल्लक ठेवलं नाही.

गुरुवारी रात्री गिटार घेऊन गेलेली प्रणिता शुक्रवारी पुन्हा दारात उभी राहिली. या वेळी तिच्याकडे तारेचा रोध मोजणारं मीटर होतं आणि खांद्याला लोंबणारा एक छोटा स्पीकर. तिने गिटार जोडून एक सूर वाजवला. तो सूर रजईतून निघून उशीत शिरला.

"उद्या कार्यक्रम आहे, काका. एकच तुकडा मी एकटी वाजवणार आहे आणि त्यातले सूर कोणाला वेगळे कळणारच नाहीत." तिने मीटर लावलं आणि आकडा बघून पुन्हा लावलं. "किती वेढे घातलेत?"

"सात हजार."

"काका."

"सात हजार तुमचे," नागोजीराव म्हणाले. "एक हजार आमचे."

"आमचे म्हणजे?"

"कोसरू. पहिल्यांदा पाचशे दिला होता. पुरला नाही असं वाटलं, म्हणून आणखी पाचशे. पैसे नाही लावले."

प्रणिता मोटारींच्या खोक्यावर बसली. मग तिने समजावलं की पिकअपमध्ये जितके वेढे जास्त, तितका आवाज मोठा, पण सुराचा वरचा बारीक लकाकता भाग तितकाच मरतो. उजळ हवा असेल तर कमीच घालायचे.

"म्हणजे मी द्यायला जातोय आणि तुमचं जातंय?"

"हो."

हे नागोजीरावांच्या आजवरच्या सगळ्या हिशेबाच्या बाहेरचं होतं. पण माल परत आलेला होता आणि हातात एक संध्याकाळ होती. त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला, जो ते क्वचित आणतात, आणि तार उलटी सोडवायला घेतली. एकदा तुटली की सगळं पहिल्यापासून. डबीतले आकडे मागे फिरू लागले. सात हजार दोनशेला ते थांबले.

"एवढे राहू द्या की, अक्का."

"नको, काका."

"शंभर."

"नको."

"पन्नास तरी. बरं नाही दिसत."

गिऱ्हाईक कमी मागतंय आणि दुकानदार जास्तीसाठी गयावया करतोय, हे बघायला टेलर कात्री घेऊनच आला होता. चहा घेऊन आलेल्या कृष्णाबाई शेवटी म्हणाल्या, "अहो, त्या पोरीला मधुमेह असता तर चहात वर एक चमचा साखर घातली असती का तुम्ही?"

नागोजीराव सात हजारांवर थांबले. तार कापताना त्यांचा चेहरा मापात पाप केल्यासारखा झाला होता.

ते बघून प्रणितालाच राहवलं नाही. "काका, एक जागा आहे जिथे जास्त चालतं." तिने गिटारच्या आवाजाचं बटण दाखवलं. "आत अडीचशेचा भाग आहे, किलो-ओहमचा. पाचशेचा बसवला तर आवाज आणखी उजळतो."

"दुप्पट?"

"दुप्पट."

"हे सोमवारी सांगायचं की, अक्का." नागोजीराव उठले, खालून एक डबा ओढला, खणखण चाळला आणि पाचशेचा भाग शोधून कथलाचा डाग देऊन बसवला. त्याचे पैसे विचारायची तिची हिंमत झाली नाही.

मग तिने तार छेडली. स्वच्छ पितळी पातेल्यावर पळी पडावी तसा सूर दुकानभर उडाला. टेलरने कात्री खाली ठेवली. कृष्णाबाईंनी वरच्या पंख्याकडे बघून, "हा स्वल्प बंद करा, मध्येच बोलतोय," असं सांगितलं.

रविवारी प्रणिता पुन्हा आली. पाठीवर गिटार बघून नागोजीरावांचा हात चष्म्याकडे गेला. पण ती गिटार वेगळी होती, ऑफिसमधल्या कुणा अभिमन्यूची. शनिवारचा एकटीचा तुकडा ऐकून त्याने विचारलं होतं, कुठे केलंस.

आता दुकानात शिरलेल्या नव्या माणसाला ते जुनं वाक्य ऐकू येत नाही. नागोजीराव खरं बोलणारे. ते म्हणतात, "छत्तीस वर्षांत माल दोनदाच परत आलाय. दोन्ही वेळा जास्त दिला म्हणून."