पालकात सापडलेली चमकी

संशय घेणं हा माझा जुना स्वभाव. दूध हुंगून घेते, वजनकाट्यावरून नजर हलवत नाही, आणि घरात कुणी त्यावरून चिडवलं तर सरळ भांडते. कन्नड मुलखात, मारतहळ्ळीत राहायला आल्यावर मी विश्वास टाकला तो एकाच बाईवर, आमच्या फाटकाशी पालेभाजी विकणाऱ्या अक्कावर. तिच्या मराठी घराण्याच्या कितीतरी पिढ्या इथंच गेलेल्या, बोलण्यात कन्नड मुरलेलं. पण तिची मराठी कानावर पडली आणि मी विरघळले. मी तिला अक्का म्हणायची, ती मलाही अक्काच म्हणायची.

आमच्या बिल्डिंगच्या तळघरात सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट आहे. पाणी बागेला जातं आणि खाली बसलेला काळा गाळ वाळवून पोत्यांत भरतात. "ही पोती वाया कशाला घालवता, अक्का? स्वल्प आमच्या शेताला द्या की," ती म्हणाली. मी कमिटीत होते. लगेच देऊन टाकली, आणि मीटिंगमध्ये पाठ थोपटून घेतली.

दोन वर्षांत तिच्या पालकाचं पान तळहाताएवढं झालं. हिरवं कसलं, काळपटच. माझी लेक पहिलटकरीण, सहावा महिना, माझ्याकडे आलेली. तिला मी रोज तोच पालक खाऊ घालत होते. एका सकाळी जुडी निवडताना मनात पाल चुकचुकली. ही बाई आणखी कुठला तरी गाळ टाकत असणार. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांचा तर नसेल? त्या दिवशी मी भाजी केलीच नाही. लेकीला कारण मात्र सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी रिक्षा करून थेट तिच्या शेतावर धडकले, बोम्मसंद्राच्या पुढे. कारखान्याची पोती शोधून तिला तोंडावर पकडायचं, एवढंच डोक्यात होतं. बांधावर फक्त आमचीच पोती रचलेली होती.

"आणखी कुठून आणता?" मी दरडावलंच.

"कुठून आणू, अक्का? तुमचीच हायत सगळी."

मी पालकाच्या वाफ्यातलं एक ढेकूळ उचलून फोडलं. आत सोनेरी चमकी होती आणि गुलाबी रंगाचे बारीक पापुद्रे. ओळखायला क्षणही लागला नाही. तलाव घाण होऊ नये म्हणून आम्ही बिल्डिंगमधली मराठी मंडळी पार्किंगमध्येच ड्रमात गणपती विसर्जन करतो. मूर्ती विरघळल्या की ते रंगीत पाणी तळघरातल्या त्याच प्लांटच्या चेंबरमध्ये ओतायचं, ही शक्कल माझी. दोन्ही वर्षं मी स्वतः उभं राहून ओतून घेतलं होतं. ते रंग कशाचे होते, हे दूध हुंगून घेणाऱ्या मला एकदाही विचारावंसं वाटलं नाही.

लेकीच्या बाळाची भीती वाटली, आणि स्वतःची भयंकर लाज.

"हा रंग आमच्या गणपतींचा आहे," मी म्हणाले. "विषारी असू शकतो. माती तपासून घेईपर्यंत हा पालक विकू नका. घरी तुमच्या नातवंडांनाही देऊ नका."

"देवाचा रंग होय?" तिचा चेहरा उजळला. ढेकळातली चमकी बोटावर घेऊन तिनं कपाळाला लावली. "मग काय होतंय त्यानं?"

मी पुन्हा सांगितलं, हात धरून सांगितलं. "सरी, सरी," म्हणत तिनं होकारार्थी मान डोलावली आणि एक ताजी जुडी माझ्या पिशवीत कोंबली, लेकीसाठी. आयुष्यात पहिल्यांदाच मला वाटत होतं की समोरच्या बाईनं माझ्यावर संशय घ्यावा. ती मात्र विचारत होती, "पुढची पोती कधी पाठवता, अक्का?"