वार पडेपर्यंत

दोष आबांचा. आधीच सांगतो, नाहीतर शेवटी सगळे नशिबावर ढकलतील. आबा म्हणजे माझे थोरले चुलते. आमच्या पिंपळे गुरवात करडू मेलं की एक किस्सा उरायचा. करडांपेक्षा किस्सेच जास्त जगले. मी सातवीतून शाळा सोडली तेव्हा आबा म्हणाले होते, यंदाची करडं जगव, निम्मा कळप तुझा.

नियम मात्र त्यांचा. शेळी व्याली की तिची वार, म्हणजे करडामागून येणारी जार, पडेपर्यंत करडाला पहिल्या दुधाचा चीक पाजायचा नाही, नाहीतर वार आत अडकते. वार पडायला कधी दुपार, कधी संध्याकाळ. तोवर करडू ओरडायचं, मग ओरडायचं बंद. हे आजोबांनी सांगितलेलं. आजोबांना कुणी सांगितलं, असं विचारलं की मी उद्धट.

*

पहिलं करडू गेलं तेव्हा आबांनी पिंपरीच्या नव्या कारखान्याच्या धुराला धरलं. मी म्हटलं, वारा तर आपल्याकडून तिकडं वाहतोय. आबांनी धुराकडं पाहिलं. म्हणाले, "परत येत असंल."

*

दुसऱ्याला म्हणे दृष्ट लागली. म्हणून तिसऱ्याच्या गळ्यात काळा दोरा. तेही गेलं. आबांनी दोरा सोडवून खिशात ठेवला. "चांगला हाय अजून." चौथ्याला तोच.

*

सायकलवरून गुरांचा डॉक्टर आला. काकीनं खरवस दिला. अर्धा खाऊन त्यानं विचारलं, करडांना चीक पाजता ना?

"व्हय की, वार पडल्यावर."

डॉक्टर म्हणाला, व्याल्याबरोबर पाजा, थांबू नका. मग त्यानं वाटीत पाहिलं. "हा कुठला चीक?"

"सकाळी करडू गेलं ना, त्या शेळीचा," काकी म्हणाली.

त्यानं वाटी खाली ठेवली. तो गेल्यावर आबा म्हणाले, "त्याच्या घरी शेळी तरी हाय का?"

*

कबरी शेळी नदीकाठच्या रानात चरता चरताच व्याली. मी पोचेपर्यंत दोन्ही करडं आचळाला. वारही मागाहून नीट पडली. दोन्ही जगली. मी आबांना तीनदा सांगितलं, आधी प्यायली म्हणून जगली. आबांनी त्यावर दोन दिवस विचार केला.

*

शेवटची गाभण भुरी. तिला कळा लागल्या तसं आबांनी स्वतः तिला रानात नेलं, कबरी व्याली त्याच बाभळीखाली. करडू झालं. मी हात पुढं केला. आबांनी ते घोंगडीत गुंडाळून मांडीवर घेतलं.

"पाजू द्या, आबा."

"वार पडू दे."

उन्हं उतरली. वार पडली. आबांनी घोंगडी उघडली, करडू हललं नाही. मग मला म्हणाले, "आता तर रानातच व्हतो की रं?"

त्या मोसमात आबांची सात करडं गेली. पुतण्याही गेला, त्या धुराच्या कारखान्यात कामाला.