मागच्या सेंटरचा बोल्ट

हे माझ्या तोंडून आजवर कुणी ऐकलेलं नाही. माझ्या बायकोनं, मंगलानं नाही, मुलीनंही नाही. मोझरीच्या आश्रमात प्रार्थनेला डोळे मिटून बसलो, तरी हे वाक्य मी मनातल्या मनातसुद्धा पुरं केलं नाही. अर्ध्यावर सोडतो आणि भजनात आवाज मिसळून देतो. आज तुमच्यासमोर बसलोच आहे, तर — बघू कुठवर जमतं.

अकोल्यात आमचं लाकूड कातायचं दुकान आहे. दुकान म्हणजे घरापुढचा टिनाचा शेड आणि त्यात एक छोटी लेथ. लाटणी, रव्या, देव्हाऱ्याचे खांब असलं काम. मशीन जुनीच घेतलेली. लग्नानंतर मंगला सहज म्हणून तिच्यावर बसली आणि वर्षभरात माझ्या पुढे गेली. हे सांगायलाही अजून जड जातं, बघा. माझ्या खांबावर पटाशीच्या रेघा राहायच्या, त्या घासून घासून घालवाव्या लागायच्या. तिचा खांब मशीनवरून उतरायचा तोच गुळगुळीत. गिऱ्हाईक दारातूनच विचारायचं, "वहिनी हायेत का?" मी हसायचो. दुसरं काय करणार होतो?

लेथवर लाकूड दोन टोकांनी धरलेलं असतं. पुढचं टोक मोटर फिरवते. मागच्या टोकात टोकदार लोखंडी सेंटर रुतवायचं आणि ते सरकू नये म्हणून खालचा बोल्ट आवळायचा. आमच्या त्या बोल्टचे आटे झिजले होते. आवळला की आवळल्यासारखा वाटे. मशीन थरथरायला लागली की हळूहळू सैल होई. हे मंगलाच्याच लक्षात आलं. कौंडण्यपूरच्या यात्रेत दुकान लावणारा एक व्यापारी लाटणी न्यायला आला होता, त्याच्यासमोर ती म्हणाली, "अहो, मागचं सेंटर सरकून राहिलं. बोल्ट बदला, मंगच मी बसतो."

त्याच्यासमोर म्हणाली — एवढंच. पण मला ते लागलं. मशीन माझी, दुकान माझं, आणि मला शिकवणार ही? बोल्ट आणायला बाजार काय लांब होता? सायकलवर गेलो असतो तरी चहाच्या वेळेला परत आलो असतो. मी गेलो नाही. टिनाची एक पट्टी दुमडून बोल्टखाली सारली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं विचारलं, "बदलला का?"

मी म्हणालो, "बदलला. कर सुरू."

ती बसली. माझ्या शब्दावर बसली.

मी अंगणात फळ्यांवर खुणा करत होतो. आधी मशीनचा आवाज बदलला — तो आवाज मी ओळखला, खोटं कशाला बोलू? ओळखला आणि हातातली खूण पुरी करत राहिलो. मग लाकूड टिनावर आदळलं. टिनावर आदळण्याआधी ते तिच्या डाव्या डोळ्यावर बसलं होतं.

अकोल्याच्या डॉक्टरांनी अमरावतीला न्यायला सांगितलं. तिथेही डोळा वाचला नाही. हिवरखेडहून तिचा भाऊ दिगंबर आला. शेतकरी माणूस, थोडं बोलणारा. दवाखान्याच्या जिन्यात त्यानं विचारलं, "कसं झालं, भाऊजी?" मी म्हणालो, "सेंटर आवळाचं राहिलं असन तिच्याकून." तो म्हणाला, "उद्या येतो मी अकोल्याले. मशीन पायतो एकडाव."

तेव्हा मी काय केलं ते ऐका. बायको डोळ्यावर पट्टी बांधून पडली होती आणि मी कपडे आणायचं निमित्त करून दुपारची अकोल्याची एसटी धरली. स्टँडवरून थेट बाजारात गेलो. नवा बोल्ट घेतला, नट घेतला, स्पिंडलची, म्हणजे फिरत्या दांड्याची, खडखड करणारी बेअरिंगंही नवी घेतली. काही बाकी राहायला नको ना! घरी येऊन सगळं उघडलं, रॉकेलनं धुतलं, बसवलं. इतकं नीट काम त्या मशीनवर मी त्याआधी कधी केलं नव्हतं. आणि बोल्ट चकाकत होता, म्हणून जुन्या तेलात भुसा कालवून त्याच्यावर चोळला. वापरातला दिसावा म्हणून. शेडाच्या फरशीवर तिचं रक्त होतं. ते मी त्यानंतर पुसलं — आधी बोल्ट, मग रक्त.

दिगंबर आला. त्यानं बोल्ट आवळून पाहिला, सोडून पाहिला, सेंटरला धक्का देऊन पाहिला. "चांगला घट्ट बसते," म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. मला वाटतं, माझ्यावर संशय घेतल्याची त्याला लाज वाटली. अमरावतीला परत जाऊन त्यानं ते बहिणीला सांगितलं. तिनं ऐकलं आणि इतकंच म्हणाली, "मंग माहाच हात ढिला पडला."

मी खाटेजवळच उभा होतो.

त्यानंतर ती लेथवर बसली नाही. मी मात्र मशीन सुधारतच गेलो. पुढे वेग कमीजास्त करणारी मोटर बसवली, फिरतं सेंटर आणलं, समोर जाड पारदर्शक काच लावली. लोक म्हणायचे, बायकोचा डोळा गेल्यापासून माणूस किती जपतो! मी ते ऐकून घेतलं. मंगला आता लाटण्यांना तेल लावते, गठ्ठे बांधते. आणि खांबांवर माझ्या पटाशीच्या रेघा असतात. त्या ती बोटांनी चाचपते आणि वरून तेल फिरवते.

आमची कल्याणी कॉलेजात गेल्यावर तिला लेथ शिकायची हौस आली. हात आईचाच आहे. पहिलंच लाटणं बघून मला कळलं. मंगलानं तिच्या हातातली पटाशी काढून घेतली. "आपल्या घरच्या बायांचं काम नाई हे. मी भोगून राहिली, पायत नाई का?" पोरगी माझ्याकडे बघत होती. बापानं एक शब्द टाकावा म्हणून बघत होती. मी मोटरचा पट्टा तपासत बसलो. पट्ट्याला काय झालं होतं? काही नाही. कल्याणी आता अमरावतीला एका कापडाच्या दुकानात काउंटरवर उभी असते.

हे सगळं जुनं आहे, असं तुम्ही म्हणाल. मीही स्वतःला तेच सांगत आलो. पण मागच्या महिन्यात मंगला भाजी निवडता निवडता थांबली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "एक विचारू का? मले कदी कदी वाटते, मी आवळलं होतं तवा. हाताले आठवते माह्या. तुमाले काय वाटते?"

घरात आम्ही दोघंच होतो. कुठली घाई नव्हती, कुणी ऐकणारं नव्हतं. तिनं माझ्यावर आरोपही केला नव्हता, फक्त विचारलं होतं.

मी म्हणालो, "नाई, मंगला. राहिलंच होतं तुह्याकून."

"असन," ती म्हणाली, आणि पुन्हा भाजी निवडायला लागली.