ब्रेक उघडले तो रविवार

लग्न होऊन मी पनवेलला आले, तेव्हा ह्यांचा दवाखाना बाजारात नुकताच सुरू झाला होता. दाराशी एक जुनी मोटार असायची, लढाईच्या आधीची, दोन-तीन मालकांच्या हाताखालून आमच्याकडे आलेली. आसपासच्या गावांना व्हिजिटला जायला ती लागे. गावात मेकॅनिक होता, पण तो ट्रकवाल्यांचा. त्याच्याकडे दिली की चार-चार दिवस गाडीला कुणी हात लावत नसे. म्हणून गाडीचं सगळं हे स्वतःच करत, आणि शरीर तपासावं तसं करत. आधी नुसतं बघायचं, मग दाबून बघायचं, मग विचारायचं. विचारायचं म्हणजे मला. "पेडल कसं लागतंय? कडक की मऊ?"

त्या वर्षी दिवाळीनंतर ब्रेक मऊ लागायला लागले. दोन-तीनदा पाय मारला की धरायचे. मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला टायर ओला दिसायचा. "तेल गळतंय. आतलं रबर गेलंय," हे म्हणाले. रबरं मुंबईहून मागवली, ती आलीही. पण रोग्यांमुळे सवड होईना. रोज सकाळी तेल भरायचं आणि निघायचं, असं चाललं होतं.

मग एकदा कर्नाळ्याच्या उतारावर पेडल तळाला गेलं ते वर आलंच नाही. मी शेजारी बसले होते. ह्यांनी गिअर खाली घेतला, हँडब्रेक ओढला आणि गाडी कडेच्या खडीच्या ढिगात घातली. आम्हाला काही झालं नाही. समोरून एक बाई डोक्यावर लाकडं घेऊन येत होती. ती आमच्याकडे बघत तशीच उभी राहिली.

घरी आल्यावर मी हटून बसले. "ब्रेक होईपर्यंत ही गाडी दारातून हलवायची नाही."

"अगं, अजून आठ दिवस सहज जातील. हळू चालवीन."

"नाही. ह्या रविवारी उघडा."

मी सहसा असं बोलत नसे. त्यांनी ऐकलं.

रविवारी सकाळी अंगणात मागची बाजू जॅकवर घेतली, खाली लाकडी ठोकळे दिले आणि दोन्ही मागची चाकं काढली. चाकांमागचे ब्रेकचे ड्रम काढल्यावर आतून काळं, चिकट तेल ओघळलं. रबराच्या कडा फाटल्या होत्या. सगळं धुऊन, पुसून ह्यांनी जुन्या धोतराच्या तुकड्यावर ओळीनं मांडलं. दुसऱ्या चाकाचंही रबर जाण्याच्या बेतात होतं, म्हणून तेही उघडलं. नऊ-साडेनऊ झाले असतील.

तेवढ्यात ओवे गावचा एक माणूस सायकलवरून आला. घामानं भिजला होता. सायकल फाटकाशीच टाकून तो आत आला.

"डाक्तर, चला. बायकोला पोर झाली, पन वार परली नाय, आतच रायली. रगत थांबत नाय."

"किती वेळ झाला?"

"मी निंगालो तवा झाली व्हती. सुईन बोलली, डाक्तरला आन."

हे उठले आणि गाडीकडे वळले. मग तिथेच थांबले. हँडब्रेकही त्याच दोन चाकांवर चालायचा. घाईघाईनं जोडायलाही दीड तास लागला असता.

गाडी असती तर अर्ध्या तासात ओवे. शेतं कापून झाली होती, थेट घरापर्यंत गेली असती. पेठेतल्या एका व्यापाऱ्याकडे मोटार होती, तिथे मीच धावत गेले. ती लग्नासाठी अलिबागला गेली होती. शेवटी टांगा मिळाला. तो तळोज्याच्या रस्त्यानं जिथवर जाईल तिथवर, पुढे पायी. हे तेलकट हात फडक्याला पुसतच टांग्यात बसले. तो माणूस सायकलवरून पुढे गेला, गावात सांगायला की डॉक्टर येतायत.

हे परतले तेव्हा दुपार टळली होती. मोरीवर बराच वेळ हात धूत राहिले. मी तांब्यानं पाणी घालत होते.

"पोर बरी आहे," ते म्हणाले. "आई गेली. मी पोचलो तेव्हा अंग गार पडत आलं होतं."

मी विचारू नये ते विचारलं. "गाडी असती तर?"

"वाचली असती बहुतेक."

हात पुसता पुसता ते म्हणाले, "तू म्हणालीस ते बरोबरच होतं. कुणालाही विचार." मी कुणाला विचारणार होते?

दुसऱ्या दिवशी गाडी जोडायची होती. ब्रेकच्या पाइपात शिरलेली हवा काढायला दोन माणसं लागतात. एकानं खाली पडून स्क्रू सैल करायचा, दुसऱ्यानं पेडल दाबायचं. मी आत बसले. "दाब. धरून ठेव. सोड," खालून आवाज यायचा. रबरी नळीतून बाटलीत तेल पडायचं, बुडबुडे यायचे. बुडबुडे थांबले तेव्हा पेडल पायाखाली दगडासारखं लागलं. "कसं लागतंय?" ह्यांनी विचारलं. मी तशीच पेडलवर पाय रोवून बसले. हे बाहेर आले, त्यांनी दार उघडलं आणि माझा पाय हातानं उचलून बाजूला ठेवला.

महिन्याभरानं तो माणूस पोरीला घेऊन आला, तिचं पोट बिघडलं होतं. सोबत त्याची बहीण होती. हे रोग्यांत होते, म्हणून मी त्यांना ओटीवर बसवलं. त्यानं अंगणात बघितलं आणि अगदी साध्या मनानं विचारलं,

"बाय, गारी झाली का बरी?"

"झाली," मी म्हटलं.

"बरां झालां. कोनाच्या तरी उपेगी परंल."

मी त्याच्या बहिणीकडून पोरीला घेतलं. हलकी होती, कपड्यांत जेमतेम लागत होती. मी ब्रेक उघडायला लावले होते, हे त्याला सांगावं असं माझ्या ओठांवर आलं होतं. सांगून त्याला काय मिळालं असतं? मी नाही सांगितलं. पुढे वर्षभर हे आठवड्यातून एकदा ओव्याला जाऊन तिला बघून येत. मग आत्यानं तिला उरणला नेलं. त्यानंतर ती मला दिसली नाही.