मागल्या सालाची मूठ

लातूरच्या एसटी स्टँडवर सिंधुचा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा, चेहरा मात्र कुणाच्याच नाही. "अहमदपूरमार्गे नांदेडला जाणारी गाडी फलाटावर लागली आहे," हे भोंग्यातून रोज ऐकणारी माणसं तिच्या शेजारून निघून जात. चुकलेल्या माणसांची नावंही तीच पुकारी. आई कुठं असलीच तर आवाज ऐकेल, एवढ्या आशेवर तिनं ही चौकशीची खिडकी कधी सोडली नव्हती.

भूकंपाच्या पहाटे सिंधु लातुरात खोलीवर होती, म्हणून वाचली. तेरणेकाठच्या आपल्या गावी पोचली तेव्हा चिता पेटल्या होत्या. कोणत्या चितेवर कोण, हे सांगायच्या शुद्धीत कुणी नव्हतं. आईला जळताना कुणी बघितलं नाही, मेलेलंही बघितलं नाही. थोरल्या भावानं, हणमंतरावानं, तेरावं केलं. सिंधु पानावरून उठली.

"बघितल्याबिगर मेली कसं म्हणू, दादा? मी न्हाई जेवणार."

त्यानंतर तिला खाण्याचा नाद लागला, असं लोक म्हणत. सुट्टी आली की ती एकटी निघे. गंज गोलाईच्या गोल बाजारात फिरून चुरमुऱ्यांचा सुशीला खाई, भजी खाई, मग एखाद्या खानावळीत शिरे. एकटी बाई बघून मालक तिला फॅमिली रूमकडं बोट दाखवी. हिरव्या पडद्याआड ती बसली की वेटर न विचारता पाण्याचे दोन ग्लास ठेवी. दुसरा ग्लास उचलून न्यायला ती कधी सांगत नसे.

ती शोधत होती एकच चव. आईच्या येसराची. धान्य, डाळ, मसाले भाजून दळलेलं येसर मराठवाड्यात घरोघर होतं. आमटीला तेच लागतं. पण आई त्यात करडई घाली, तीही काळी पडेस्तोवर भाजून. जिभेच्या मागं एक जळका चटका राही. आई जिती असेल तर कुठंतरी चुलीपुढंच असेल, असं सिंधुला वाटे. आईनं खोलीवर दिलेल्या येसराची शेवटची चिमूट ती डबीत घालून हिंडत होती.

नांदेडला वाजिदभाईंच्या हॉटेलात खिचडी-खट्टा खाताना तिनं डबी उघडली.

"आपा, तुम्ही खायला येता का धाड टाकायला?" वाजिदभाई हसले. "दर वेळेस वास घेऊन राहिल्या!"

त्यांची मुलगी जिक्रा सुट्टीला आली होती. डॉक्टर व्हायचं म्हणून ती लातूरला क्लास करत होती. तिनं डबीवर नाक नेलं आणि थांबली.

"अब्बू, हाच वास आमच्या मेसमध्ये येतो."

लातुरात, जिक्राच्या क्लासच्या गल्लीत दर भिंतीवर पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो होते. मेस मागच्या बाजूला. भर दुपारी पोरं वर्गात, बाकं रिकामी. सिंधुनं आमटीत भाकरी मोडली आणि घास तोंडातच राहिला. तोच चटका.

"आमटी कुणी केली?"

"मीच की," मेसवाली केवळाबाई पदराला हात पुसत आली. कपाळावर जुना व्रण. आई नव्हती.

"येसर कुणाचं?"

"आमच्या आत्याबाईचं. सासूचं हो. माझं लगीन हून महिना बी झाला न्हवता, तवर भूकंपात गेल्या त्या." गावाचं नाव तिनं सांगितलं, ते सिंधुच्याच गावाचं होतं. "सगळी घरं एक ढिगारा झाली हुती. आपलं दार कुठलं तेच कळंना. अंदाजानं उकरलं, तर आत्याबाईचा येसराचा डबा निघाला. बघा."

पितळी डबा. झाकणाला पोचा. लहानपणी सिंधुनंच वरवंट्यानं पाडलेला.

"नवं येसर केलं की मागल्या सालाची एक मूठ त्यात घालते," केवळाबाई म्हणाली. "म्हंजी हाताची चव मोडत न्हाई."

डबा आमचा आहे, हे सिंधुच्या ओठांवर आलं होतं. पण केवळाबाईनं आवाज खाली आणला.

"ताई, एक सांगू? हसू नका. येसर भाजाया बसले की आत्याबाई येतात. पलीकडं बसतात, पाठमोऱ्या. डाव्या हातानं ढवळून राहतात. जितेपणी तर उजव्या हातानं करायच्या. इतकी सालं हाका मारते, ओळखच देत न्हाईत. माझं काय चुकलं असंल?"

सिंधुची आई डावखुरी होती.

ती उठून स्टँडवर परतली. त्या पाठमोऱ्या बाईला ओळखायचं, म्हणजे आई मेली हे कबूल करायचं. शिवाय केवळाबाईची सासू तिच्यापासून काढून घ्यायची. आठवडाभर ती भोंग्यातून गाड्या पुकारत राहिली. शेवटी येसर भाजायच्या दिवशी ती मेसमध्ये गेली.

कढईत करडई तडतडू लागली. धूर उठला.

"आल्या," केवळाबाई पुटपुटली.

सिंधुला धुराशिवाय काही दिसलं नाही. तिनं धुराकडं तोंड केलं.

"आई, मी सिंधु."

केवळाबाईच्या हातातलं उलथनं थांबलं. "वळल्या! ताई, वळल्या की... अगं माय. ह्या आमच्या आत्याबाई न्हाईत."

"माझी आई हाय ती. डबाही तिचाच."

"तुम्हालाच इचारून राहिल्या. जेवलीस का म्हणून."

सिंधु बाकावर बसली. पान मागितलं. पहिला घास मोडून पानाबाहेर ठेवला, मेलेल्या माणसासाठी ठेवतात तसा, आणि मग सगळं जेवली. केवळाबाईनं पाणी आणून ठेवलं होतं. दोन ग्लास. चुलीपलीकडं आता कुणी नाही, असं ती म्हणाली.

करडई जळून गेली तरी तिनं कढई उतरवली नाही.

"ताई, मग आमच्या आत्याबाई कुठं असतील हो?"

सिंधुनं हात धुतले. "नाव काय त्यांचं?"

दुसऱ्या दिवशी नांदेड गाडी सुटली आणि भोंगा पुन्हा खरखरला.

"धोंडाबाई, तेरणेकाठच्या, जिथं असतील तिथून त्यांनी क्लासच्या गल्लीतल्या मेसमध्ये यावे. त्यांच्या सूनबाई वाट पाहत आहेत."