शेजारच्या केबिनमधलं हसू

इथे लोक चकव्याचे, हडळीचे अनुभव लिहितात, ते मी नेमाने वाचतो... आणि खरं सांगतो, बऱ्याचदा पोट धरून हसलोय. भूतबित मी मानत नाही. आमच्या महाळुंगे पडवळमध्ये माझी ओळखच 'टवाळ' अशी. लग्न असो की दहावा, माझ्या जिभेला हाड नाही. तेव्हा हा एका टवाळाचा अनुभव समजून वाचा.

२००४ साल. मी ओतूरला मामाकडे राहून बी.कॉम. करत होतो. एसटी स्टँडसमोर पहिल्या मजल्यावर सलीमचाचांचा सायबर कॅफे होता. प्लायवूडच्या पाच केबिन, फुलाफुलांचे पडदे. पार्टिशन इतकं पातळ की शेजारचा शिंकला तर आपण दचकायचं. खिडकीतून स्टँड दिसायचा. गाडी लागली की कॉलेजची पोरं मशीन तशीच सोडून जिन्याने पळायची, मेल वगैरे सगळं उघडं टाकून.

त्या दुपारी तीन नंबरमधून एक मुलगी अशीच पळाली. खाली गाडी लागली होती, पुढच्या पाटीवर 'मढ'. मी तिच्या जागी बसलो.

एका मराठी फोरमवर तिचं अकाउंट उघडंच होतं. नाव घेतलं होतं 'शेवंती'. तिने लिहिलं होतं — मला जगायचं नाही, घरी कुणाला सांगता येत नाही, इथे मला कुणी ओळखत नाही म्हणून लिहितेय. खाली उत्तरांची रांग. नागपूरच्या एक काकू म्हणत होत्या, बाळा, आधी मला फोन कर. पुण्याच्या एका मुलाने लिहिलं होतं, "माझ्याकडे गाडी आहे, आत्ता निघतो. जुन्नरकडची आहेस एवढं कळलं, फक्त गाव सांग."

मी तिच्या नावाने टाइप केलं, "गंमत केली. फसलात ना सगळे? हा हा हा."

पाच मिनिटांत शिव्यांचा पाऊस. काकूंनी लिहिलं, मी इथे रडत बसले होते, लाज वाटली पाहिजे तुला. पुण्याचा मुलगा म्हणाला, मर जा खरंच. मग अ‍ॅडमिनने तिचं अकाउंट बंद केलं. मला वाटलं, काय बॉम्ब टाकला राव आपण!

दुसऱ्या दिवशी मी चार नंबरला होतो. ती तीनमध्ये येऊन बसली. बराच वेळ कीबोर्डचा आवाजच नाही. मग तिने पडदा सारून विचारलं, "चाचा, काल माझ्या नावानं कुनी लिहिलं का वो?"

"नाय बेटा, मला काय म्हाईत? मी लिवनं बघत नाय कुनाचं."

"आता मला आतच घेत नाय ते. समदे शिव्या देत्यात."

मी तोंडात रुमाल कोंबला होता. हसू आवरत नव्हतं. थोडं फुटलंच. तिने ऐकलं असणार... पार्टिशन पातळ होतं. उठून एवढंच म्हणायचं होतं, "ताई, मी लिहिलं, चूक झाली." तेवढंही म्हणालो नाही.

पुढच्या आठवड्यात सलीमचाचा म्हणाले, "वो मढवाली बच्ची... गेली रे. जीव दिला म्हने. लई शांत व्हती." मी "अरेरे" म्हणालो आणि हातातला समोसा संपवला. आज हे लिहिताना माझीच मला किळस येतेय.

२००९. मेहुण्याच्या लग्नात भर मांडवात मी बायकोवर असा विनोद केला की ती तिथूनच पोरीला घेऊन माहेरी गेली. वर्ष झालं, फोनसुद्धा घेईना. घरात मी एकटा. हळूहळू मीही तिथेच पोचलो, जिथे ती मुलगी पोचली होती. गावात कुणाला सांगणार? ज्याला सांगायला जावं तो आधीच हसायला लागायचा, म्हणायचा, "काय, आज नवीन काय?"

म्हणून एका दुपारी घरच्या कॉम्प्युटरवरून त्याच फोरमवर लिहिलं. सगळं, अगदी गावाच्या नावासकट. अनोळखी माणसं काय मायेने बोलली! मंचरचे एक गाडेसर, कॉम्प्युटर क्लासवाले. त्यांनी लिहिलं, "निघालोच."

मी माठातलं पाणी प्यायला उठलो. दाराला आतून कडी. परत येऊन बघतो तर माझ्या नावाने पोस्ट —

"गंमत केली. फसलात ना सगळे? हा हा हा."

खाली शिव्या सुरू झाल्या होत्या. "मी नाही लिहिलं" असं टाइप करेपर्यंत अकाउंट बंद. रिकाम्या घरात मी मोठ्याने विचारलं, "माझ्या नावानं कोणी लिहिलं?"

भिंतीपलीकडे कांद्याची खोली. तिथून कुणीतरी हसलं. तोंडात रुमाल कोंबल्यासारखं, दाबून. थोडं फुटलंच.

अर्धा तास गेला असेल. मग दार वाजलं. गाडेसर.

"पोस्ट वाचली न्हाई का तुम्ही?" मी विचारलं.

"वाचली की. म्हनलं गंमत असंल तर चा पिऊन माघारी जाऊ. त्यात काय?"

त्यांनी मला बसवलं, चहासुद्धा स्वतःच ठेवला. मी बोलत होतो. मध्येच ते थांबले.

"पावणं, आत कोन हाय? हसतंय कुनीतरी."

आम्ही दोघांनी खोली उघडली. कांद्याच्या गोण्या. दुसरं काहीच नाही.

गाडेसर संध्याकाळपर्यंत बसले. मग मला मंचरला डॉक्टरकडे घेऊन गेले. आज मी आहे तो त्यांच्यामुळे. बायको मात्र परत आली नाही. मध्यंतरी एकदा मढच्या गाडीत बसलो होतो, त्या मुलीच्या आईबापाला सांगायचं म्हणून. उतरलो, आणि त्याच गाडीने माघारी आलो.

अ‍ॅडमिनला मेल केली होती. उत्तर आलं, ती पोस्ट तुमच्याच घरून गेलीये. कशी, ते मला माहीत नाही. खोलीतल्या हसण्याचंही माझ्याकडे स्पष्टीकरण नाही. गाडेसर आजही तो विषय टाळतात.

एवढंच कळतं, की गाडेसरांना गावाचं नाव पुरलं. पुण्याच्या त्या मुलालाही तेवढंच हवं होतं. आणि गाडीची पाटी मी खिडकीतून वाचली होती.